सरासरी वारा कोणी मोजला? अरबी समुद्र ते सह्याद्री, एका आकड्याचा इतिहास

हवामान, ऊर्जा किंवा पर्यावरण या विषयांतला कुठलाही संशोधन प्रस्ताव उघडा. ‘अभ्यासक्षेत्र’ या भागात एक वाक्य हमखास सापडतं: वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला अमुक मीटर असून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो वाढतो. वाक्यात चूक काहीच नाही. पण समितीतल्या एखाद्या सरांनी विचारलं की हा वेग किती उंचीवरचा, कोणत्या उपकरणाने घेतलेला, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वर्षांतला, तर पुढे बोलणं अवघड होतं. तापमानाच्या सरासरीला एवढे प्रश्न चिकटत नाहीत. वाऱ्याच्या सरासरीला चिकटतात, कारण वारा जमिनीपासून थोडं वर गेलं की बदलतो, शेजारी इमारत उभी राहिली की बदलतो आणि मोजणाऱ्या वाट्यांच्या आकारानेही (आकड्यात तरी) बदलतो.

म्हणून हा लेख एका आकड्याच्या इतिहासावर आहे. क्षेत्र आपलंच: अरबी समुद्र, कोकण किनारा आणि सह्याद्रीचा माथा. इथल्या हंगामी वाऱ्यांबद्दल माणसाला दोन हजार वर्षं माहिती आहे. तरीही त्यातला सगळ्यात जोरकस भाग, म्हणजे जमिनीपासून दीड किलोमीटरवरून वाहणारा झोत, १९६० च्या दशकापर्यंत नीट कळलाच नव्हता. माझ्या मते या उशिरामागे हुशारीची कमतरता नव्हती, मोजण्याच्या पद्धतीतच त्याचं कारण होतं. ते पुढे येईलच.

खलाशांचा हिशोब

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे ग्रीक भाषेतलं व्यापारी मार्गदर्शक आपल्या किनाऱ्यावरची बंदरं ओळखीच्या नावांनी सांगतं: बॅरिगाझा म्हणजे भडोच, सुप्पारा म्हणजे सोपारा, कॅलिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल. हिप्पालस नावाच्या खलाशाने किनारा सोडून भर समुद्रातून थेट जायचा मार्ग दाखवला, असंही त्यात येतं. आता यातून ‘हिप्पालसने मान्सूनचा शोध लावला’ असं लिहायची जुनी सवय आहे. ती सोडलेली बरी. त्या समुद्रावर अरब आणि भारतीय खलाशी आधीपासून ये-जा करत होते. हिप्पालसने ग्रीक-रोमन जगाला एक वाट सांगितली, एवढंच म्हणता येतं.

प्लिनी हा रोमन लेखक लाल समुद्राच्या तोंडाजवळच्या ओसेलिसपासून केरळातल्या मुझिरिसपर्यंत ४० दिवस लागतात असं सांगतो. नकाशावर अंतर मोजलं तर ते साधारण साडेतीन हजार किलोमीटर भरतं. म्हणजे दिवसाला ९० किलोमीटरच्या आसपास, तासाला जेमतेम ४. पाठीवर भर नैर्ऋत्येचा वारा असताना शिडाचं जहाज इतकं रेंगाळेल, हे पटत नाही. एक तर या ४० मध्ये वाटेतली थांबण्याची, वाट पाहण्याची भर आहे, किंवा आकडाच गोल करून सांगितलेला आहे. जुन्या ग्रंथातून वाऱ्याचा वेग ‘काढणाऱ्यांनी’ हा साधा भागाकार आधी करून बघावा.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खलाशांना सरासरी वाऱ्यात रस नव्हताच. त्यांना हवा होता वापरता येणारा वारा. जुलैमध्ये मध्य आणि पश्चिम अरबी समुद्रावर पृष्ठभागाजवळच्या वाऱ्याची महिन्याची सरासरी सेकंदाला साधारण १२ ते १५ मीटर असते, जानेवारीत ईशान्येचा वारा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, ५-६ मीटर. पण जास्त वारा म्हणजे चांगला वारा नव्हे. जून-जुलैत कोकणातली बंदरं बंद व्हायची, कारण उधाणलेल्या समुद्रातून खाडीच्या तोंडाशी शिरणं म्हणजे जहाज वाळूच्या दांड्यावर घालणं. पंधराव्या शतकातला अरब नाविक अहमद इब्न माजिद याच्या लेखनात समुद्र ‘बंद’ असण्याचा काळ वेगळा धरलेला आहे. भारताकडे येणारी जहाजं मोसमाच्या अगदी सुरुवातीला किंवा तो ओसरत असताना निघत. मधला, सगळ्यात जोराचा काळ टाळायचा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटायच्या, हा आपल्या कोळ्यांचा रिवाजही याच हिशोबातला. आजची १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी माशांच्या प्रजननासाठी सांगितली जाते, पण ती बसते त्याच काळात.

थोडक्यात, खलाशी वाऱ्याचं वितरण वापरत होते, मध्यमान नाही. वर्षातले किती दिवस वारा या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत असेल, हा त्यांचा प्रश्न. पवनचक्कीचा अभियंता आज नेमका हाच प्रश्न विचारतो, फक्त त्याच्या हद्दी वेगळ्या असतात.

नकाशा आला, मग आकडे

१६८६ मध्ये एडमंड हॅलेने (हो, धूमकेतूवाला हॅले) रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांवर निबंध छापला आणि सोबत एक नकाशा दिला. हवामानशास्त्रातला पहिला नकाशा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. समुद्रावर बारीक रेघा, रेघ निमुळती होते त्या दिशेकडून वारा येतो. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावर रेघांच्या ओळी आलटून पालटून उलट दिशेने, कारण इथे वारा सहामाहीला फिरतो. हॅले स्वतः सेंट हेलेना बेटावर राहून आला होता, पण हिंदी महासागराची माहिती त्याने प्रामुख्याने खलाशांकडून गोळा केली. नकाशात दिशा आहे, वेग नाही. वेग मोजायचं साधनच कोणाकडे नव्हतं.

जहाजावर वाऱ्याचा जोर शब्दांत लिहिला जाई: मंद झुळूक, मध्यम वारा, जोराचा वारा, वादळी वारा. प्रत्येक कप्तानाचे शब्द वेगळे, प्रत्येक भाषेचे तर वेगळेच. फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०६ च्या सुमारास स्वतःच्या रोजनिशीसाठी क्रमांकांची पट्टी तयार केली, आणि १८३८ मध्ये ब्रिटिश नौदलाने ती स्वीकारली. मूळ पट्टीत वेग कुठेच नव्हता हे लक्षात घ्या. एवढ्या वाऱ्यात युद्धनौका किती शिडं उघडी ठेवू शकते, यावर क्रमांक ठरायचा. वाऱ्यापेक्षा जहाजाचंच वर्णन म्हणा ना.

क्रमांकाचा वेग करण्याचं सूत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं. सेकंदाला मीटरमध्ये वेग बरोबर ०.८३६ गुणिले क्रमांकाचा दीड घात. हे सूत्र जॉर्ज सिम्पसनच्या १९०६ च्या कामातून आलं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हे सिम्पसनसाहेब सिमल्याला भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. हिशोब करून बघा: ४ क्रमांकाला ६.७ मीटर, ६ ला १२.३, ७ ला १५.५. म्हणजे खलाशाने ६ च्या जागी ७ लिहिला तर वेग एका फटक्यात सव्वापट. जुन्या जहाजी नोंदींच्या सरासरीत दशांशानंतर दोन आकडे देणारे शोधनिबंध दिसले की मला हसू येतं, ते यामुळे.

जमिनीवरची गोष्ट वेगळी, पण फार सरळ नाही. १८४६ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी चार अर्धगोल वाट्यांचं वायुवेगमापक यंत्र मांडलं. आज आपण गच्चीवर फिरताना बघतो त्याचंच हे आजोबा. रॉबिन्सन यांचं म्हणणं असं की वाट्या केवढ्याही असोत, दांडे कितीही लांब असोत, वाऱ्याचा वेग वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट असतो. ही तिप्पट जगभर पसरली, यंत्रांच्या दातेरी चाकांतच बसवली गेली. पुढे चाचण्यांतून कळलं की हा गुणक स्थिर नाही. यंत्राच्या मापांवर तो अवलंबून असतो, आणि बऱ्याच यंत्रांसाठी ३ पेक्षा बराच कमी, कुठे २.२ च्या आसपास भरतो.

याचा अर्थ काय होतो ते एका उदाहरणात सांगते. समजा एका वेधशाळेत पन्नास वर्षं ३ च्या गुणकाने नोंद झाली आणि नंतर कोणीतरी यंत्र बदलून २.२ वापरला. वारा तसूभरही बदललेला नाही, पण कागदावर तासाला ३० मैलांचा वारा २२ मैलांचा झाला. सत्तावीस टक्के घट! आता कोणी या मालिकेवर रेषा बसवून ‘वाऱ्याच्या वेगात लक्षणीय घट’ असा निष्कर्ष काढला, तर संगणक त्याला अडवणार नाही. मूल्य ०.००१ पेक्षा कमीच येईल.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, आणि १८४० च्या दशकापासून तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. वेधशाळेचे अधीक्षक चार्ल्स चेंबर्स यांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्याच्या हवामानावर मोठा ग्रंथ काढला. आपल्या भागातल्या हंगामी वाऱ्यांचं आकड्यांतलं चित्र शोधायचं तर सुरुवात तिथून होते. विजेवर चालणाऱ्या ट्राममुळे चुंबकीय काम पुढे १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. ट्रामने होकायंत्राला त्रास दिला, ते कोणाच्याही लक्षात आलं. पण आजूबाजूला वाढणाऱ्या शहराने वाऱ्याला काय केलं, ते असं एका दिवसात लक्षात येत नाही, आणि वारा मोजणारी यंत्रं कोणी अलिबागला नेत नाही.

ढगाआडचा झोत

आता मुख्य गोष्टीकडे. पृष्ठभागावरच्या वाऱ्याबद्दल एवढं सगळं माहीत असताना वरचा झोत का दिसला नाही?

वरची हवा मोजायची जुनी पद्धत म्हणजे पायलट बलून. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा, तो ठरावीक वेगाने वर चढतो असं धरायचं, आणि थिओडोलाइट या दुर्बिणीतून दर मिनिटाला त्याचे कोन टिपायचे. कोन आणि गृहीत धरलेली उंची यांवरून फुगा किती सरकला ते निघतं, आणि सरकला तेवढा वारा. भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आग्रा इथे वरच्या हवेच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं आणि पुढे देशभर फुगे सुटू लागले. स्वस्त पद्धत. एक माणूस, एक दुर्बीण, एक फुगा.

अडचण एकच: फुगा दिसायला हवा. जुलैमध्ये रत्नागिरीला किंवा मुंबईला ढगांचा तळ काही शे मीटरवर असतो. फुगा ढगात शिरला की नोंद संपली. दीड किलोमीटरपर्यंतची नोंद मिळते ती फक्त उघडीप असलेल्या दिवशी. अशा दिवसांची सरासरी काढली की ती जुलैची सरासरी होत नाही, जुलैतल्या उघडिपीची सरासरी होते.

इथवर हा नमुना निवडीचा नेहमीचा दोष. पण याला पुढे एक पीळ आहे. पाऊस जोरात असतो तेव्हा या झोताचा अक्ष द्वीपकल्पावरून, साधारण १२ ते १८ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यातून जातो. पावसात खंड पडतो तेव्हा तो दक्षिणेला सरकतो आणि भारताला वळसा घालून जातो. हे पी. व्ही. जोसेफ आणि सिजिकुमार यांनी २००४ मध्ये दाखवलं. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. आकाश स्वच्छ असेल तेव्हाच फुगा दिसतो. आणि आकाश स्वच्छ असतं तेव्हा झोत आपल्या डोक्यावर नसतो. मोजणीची पद्धत आणि मोजायची गोष्ट एकमेकींना नेमक्या टाळत होत्या! (ही जोडणी माझा तर्क आहे, कोणाच्या निबंधात छापील सापडेल म्हणून उद्धृत करू नका. पण मला तो भक्कम वाटतो.)

सुटका रेडिओने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ लावलेल्या फुग्यांचा माग ढगांतूनही काढता येऊ लागला. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, त्यात संशोधक विमानं अरबी समुद्रावरून उडाली. त्या निरीक्षणांवरून बंकर यांनी १९६५ मध्ये खालच्या थरातल्या जोरदार प्रवाहाबद्दल लिहिलं. आणि १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मीटिऑरॉलॉजी अँड जिओफिजिक्स’मध्ये (हेच नियतकालिक पुढे ‘मौसम’ झालं) जुलैत द्वीपकल्पीय भारतावर खालच्या थरात पश्चिमेचा झोत असतो हे दाखवलं. गाभा दीड किलोमीटरच्या आसपास, वेग ४० ते ६० नॉट. म्हणजे सेकंदाला २० ते ३० मीटर.

त्याच सुमारास हजारो किलोमीटर दूर केनियात ब्रिटिश हवामान खात्याचे जॉन फिंडलेटर फुग्यांच्याच नोंदी चाळत होते. पूर्व केनियाचा तो भाग कोरडा, तिथे फुगा दिसायची अडचण कोकणाइतकी नाही. १९६६ मध्ये त्यांनी केनियावरून विषुववृत्त ओलांडणाऱ्या खालच्या झोतांबद्दल लिहिलं. १९६९ च्या निबंधांत त्यांनी सगळे तुकडे जोडले: दक्षिण गोलार्धातून निघून मादागास्करच्या वरच्या अंगाने आफ्रिकेच्या किनाऱ्याशी, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराच्या भिंतीला घासून उत्तरेकडे, सोमालियावरून उजवीकडे वळून अरबी समुद्र पार करून थेट भारतात. एकच प्रवाह. शिवाय केनियातून जाणाऱ्या या प्रवाहाचा जोर आणि पश्चिम भारतातला पाऊस यांचा संबंधही त्यांनी तपासला.

आज याला ‘फिंडलेटर झोत’ किंवा ‘सोमाली झोत’ म्हणतात. मग जोसेफ-रामन यांचं नाव का नाही? यावर चिडून लिहिलेलं काही वाचलं की मला अर्धंच पटतं. फिंडलेटर यांनी संपूर्ण प्रवाह दाखवला, दोन खंड आणि एक समुद्र एका चित्रात आणले, आणि ब्रिटनमधल्या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापले. नाव त्यांना मिळणं अगदीच अन्याय नाही. पण आपल्याकडचे विद्यार्थी भारतावरच्या झोताबद्दल लिहिताना १९६९ चा संदर्भ देतात आणि पुढे जातात, तेव्हा ती आपली आळशी सवय असते. १९६६ चा निबंध भारतावरच्या झोताचाच आहे, आणि ‘मौसम’चे जुने अंक मिळवणं आता कठीण नाही. तो वाचा, छोटा आहे. हाताशी किती थोड्या नोंदी असताना केवढं विधान करता येतं, आणि ते किती जपून करावं लागतं, हे कळतं.

अ‍ॅना मणी आणि घनाचा हिशोब

१९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर वाऱ्याच्या सरासरीकडे बघायची गरजच बदलली. आता प्रश्न विजेचा होता. आणि इथे हवामान खात्याच्या साध्या नोंदी पुरेना, कारण हवामान केंद्रं शहरात, विमानतळावर, सोयीच्या जागी होती. वारा असतो खिंडीत आणि कड्यावर, जिथे कोणी राहायला जात नाही.

हे काम उचललं अ‍ॅना मणी यांनी. जन्म १९१८, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम, मग लंडनला उपकरणांचं शिक्षण, आणि १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात. परदेशातून येणारी हवामानाची उपकरणं भारतात बनवणं आणि त्यांची प्रमाणं पक्की करणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सौर प्रारणाची दोन मोठी पुस्तकं केली आणि मग वाऱ्याकडे वळल्या. १९८३ मध्ये मुळे यांच्यासोबत त्यांचं भारतातल्या पवनऊर्जेच्या माहितीचं संकलन निघालं. त्यानंतर बंगळुरूच्या केंद्रातून देशभर शेकडो ठिकाणी मनोरे उभारून मोजणी झाली आणि तिचे खंड छापले गेले. आज साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर किंवा कन्याकुमारीजवळच्या मुप्पंदलला जे पवनचक्क्यांचं रान दिसतं, त्याच्या मुळाशी अशा मोजण्या आहेत.

उपकरणशास्त्राच्या माणसाने हे काम केलं, याला मी फार महत्त्व देते. कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, आणि घन कोणतीच चूक माफ करत नाही. वेगात १० टक्के चूक म्हणजे शक्तीत ३३ टक्के.

घनामुळे आणखी एक गोष्ट होते, आणि मोसमी प्रदेशात ती फार मोठी असते. एक कल्पित जागा घ्या. पावसाळ्याचे चार महिने वारा सेकंदाला ९ मीटर, उरलेले आठ महिने ४ मीटर. वार्षिक सरासरी येते ५.६७. तिचा घन केला तर १८२. पण महिन्यांचे घन आधी करून मग सरासरी काढली तर २८६. दीडपटीहून जास्त! आणि वर्षातल्या एकूण शक्तीपैकी ८५ टक्के त्या चार महिन्यांतच येते. एवढा फरक त्या एका ‘वार्षिक सरासरी’ आकड्यात गिळला जातो. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची बहुतांश वीज पावसाळ्याच्या आसपासच्या महिन्यांतच का तयार होते, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या का स्वस्थ उभ्या दिसतात, ते यावरून समजेल. म्हणून प्रस्तावात वार्षिक सरासरी द्यायचीच असेल तर शेजारी महिनेवार तक्ता द्या. अर्ध्या पानाची जागा लागते.

उंचीचंही तसंच. १० मीटरवरच्या वेगावरून १०० मीटरवरचा काढायला एक सप्तमांश घाताचा नियम सर्रास वापरतात. त्याने वेग १.३९ पट होतो आणि शक्ती २.७ पट. हा घात सपाट, मोकळ्या जमिनीसाठी ठीक आहे. कड्याच्या माथ्यावर वारा दाबून वर चढतो, तिथे जमिनीलगतच वेग वाढलेला असतो आणि वर जाताना तेवढा वाढत नाही. हजार-अकराशे मीटर उंचीचं साताऱ्याचं पठार आपल्याला झोताच्या गाभ्याच्या जवळ नेतं हे खरं, पण डोंगर म्हणजे फुकटात मिळालेला मनोरा नव्हे. तो वाऱ्याला स्वतःही वाकवतो.

भारताच्या पवनऊर्जा क्षमतेचे अधिकृत अंदाज बघा: ५० मीटर उंचीला ४९ गिगावॉट, ८० मीटरला १०३, १०० मीटरला ३०२, १२० मीटरला ६९५. वाऱ्याने काही प्रगती केलेली नाही. उंची बदलली, नकाशांची बारकाई वाढली, किती जमीन उपलब्ध धरायची याची गृहीतकं बदलली. या चार आकड्यांचा आलेख काढून त्यावर रेषा बसवणारा कोणी भेटला, तर त्याला प्रेमाने समजावा.

वारा खरंच मंदावला का?

गेल्या पंधरा-वीस वर्षांतला मोठा वाद हा आहे. २०१० मध्ये व्होतार आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांतली ८२२ केंद्रं तपासून १९७९ ते २००८ मध्ये जमिनीवरचा वारा ५ ते १५ टक्क्यांनी मंदावल्याचं दाखवलं, आणि त्यातला मोठा वाटा झाडी-बांधकामामुळे वाढलेल्या खडबडीतपणाचा असावा असं मांडलं. २०१९ मध्ये झेंग आणि सहकाऱ्यांनी २०१० नंतर वेग पुन्हा वाढू लागल्याचं दाखवलं, म्हणजे एकटा खडबडीतपणा पुरेसा नाही. भारतीय केंद्रांच्या १९६१ ते २००८ च्या नोंदींवर ‘मौसम’मध्ये अभ्यास आला आहे, त्यातही कल घटीचा आहे.

इथे वरचा सगळा इतिहास कामाला येतो. केंद्राभोवती शहर वाढलं का? यंत्र कधी बदललं? छपराची उंची? सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोनच वेळांची सरासरी आहे का? किनाऱ्यावर हिवाळ्यात साडेआठला वारा जवळपास पडलेला असतो आणि खाऱ्या वाऱ्याचा जोर दुपारी असतो. दोन वेळांच्या नोंदीवरून चोवीस तासांच्या स्वयंचलित नोंदीवर गेलात, की मालिकेत पायरी येणारच. पुनर्विश्लेषणाची माहिती, म्हणजे आपण सगळे वापरतो ती ‘ईआरए ५’ वगैरे, यातून वाट काढते असं वाटतं. पण तिची एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. तेवढ्यात कोकण, घाटमाथा आणि मावळ एकच होऊन जातात.

मला आशा वाटते ती दिशेकडून. वेगाला यंत्र लागतं, प्रमाणीकरण लागतं. दिशेला होकायंत्र पुरतं, आणि ते प्रत्येक जहाजावर होतं. १७५० ते १८५० मधल्या ब्रिटिश, डच, फ्रेंच, स्पॅनिश जहाजांच्या रोजनिशी ‘क्लिवॉक’ प्रकल्पात संगणकावर आल्या, आणि जुन्या वाऱ्याच्या शब्दांचा चार भाषांतला कोशही त्यांनी केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या १७८९ ते १८३४ मधल्या सुमारे ९०० रोजनिशींच्या नोंदीही उतरवल्या गेल्या आहेत. दिशेतही एक खाच आहेच: जुने खलाशी चुंबकीय उत्तर लिहीत, खरी नव्हे, आणि दक्षिण हिंदी महासागरात तो फरक वीस अंशांच्याही पुढे जाई. पण ही दुरुस्ती करता येते. वाट्यांच्या हरवलेल्या मापांची करता येत नाही.

मग जून महिन्यातल्या किती नोंदींत वारा नैर्ऋत्येच्या चतुर्थांशात होता, एवढं मोजलं तरी मोसमाच्या येण्याचा एक निर्देशांक मिळतो. पश्चिम आफ्रिकेच्या मोसमासाठी दिशेवर आधारलेला असा निर्देशांक एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेला गेला आहे. कोणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर कुलाब्याचे एकोणिसाव्या शतकातले छापील खंड आणि या रोजनिशी शेजारी शेजारी ठेवून बघा. खंडांत वेगाचे रकाने आहेत आणि दिशेचेही. सुरुवात दिशेच्या रकान्यापासून करा.